बारा महिने, बारा लिनोकट : दिनदर्शिकेच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५

काम असं : २०२६ सालची भिंतीवर टांगायची दिनदर्शिका. दर महिन्याला एक लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, चित्र कोरून, न कोरलेल्या भागाला शाई लावून घेतलेला छाप), खाली तारखा. प्रती २५. विषय पुण्यातला रोजचा दिवस. वाडे, किल्ले, देवळं नकोत. ती छापणारे पुष्कळ आहेत.

आधी मापं ठरवली, कारण कागद, लिनो आणि तारखांचा फर्मा (छापण्यासाठी जुळवून कसलेले आकडे-अक्षरं) या तिन्ही गोष्टी मापांवर अवलंबून असतात. पान १८.५ × २७ सेंमी. चित्र १४.५ × १६.५. वर दीड सेंमी मोकळं, चित्राखाली एक सेंमी (नंबर आणि सहीसाठी), मग तारखा साडेसहा, खाली पुन्हा दीड. हातकागदाचा ताव ५६ × ७६ सेंमीचा. चारही बाजूंच्या ओबडधोबड कडा एकेक सेंमी कापून टाकल्या की त्यातून बरोबर आठ पानं निघतात. पान थोडं जरी रुंद केलं तरी एका तावातून सहाच.

दर महिन्याची ३१ पानं धरली : २५ प्रती आणि सहा बिघडण्यासाठी. बाराही महिन्यांची ३७२. म्हणजे ४७ ताव; ५० घेतले.

लिनो ए३ मापाचा, ३.२ मिमी जाड, मागे ताग. एका शीटमधून चार ब्लॉक निघतात आणि नऊ सेंमीची पट्टी उरते. ती फेकू नये, सगळ्या चाचण्या तिच्यावरच होतात. चार शीट घेतल्या.

फ्लोअरिंगच्या दुकानात ‘लिनोलियम’ या नावाखाली जे मिळतं ते बहुधा व्हिनाइल असतं. त्यावर कोरायचं टूल घसरतं आणि कड तुटते. खऱ्या लिनोला जवसाच्या तेलाचा वास येतो, मागे तागाचं कापड दिसतं, आणि कोपरा नखाने खरवडला की भुगा निघतो. या तीन खुणा पटल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

७ जून

चित्रवही ए६ मापाची, खिशात मावणारी. साधन एकच : काळा ब्रश पेन. पेन्सिल मुद्दाम घरी. पेन्सिल हातात असली की हात आपोआप छटा भरतो. लिनोत शाई किंवा कागद, एवढंच असतं. मग ती राखाडी छटा काळ्यात घालायची की पांढऱ्यात, हा प्रश्न टेबलावर येतो, आणि तोवर समोरचा उजेड आठवत नाही. ब्रश पेनने तो निकाल रस्त्यावरच लागतो.

चौकट ३ × ३.५ सेंमीची, म्हणजे जवळजवळ ब्लॉकच्याच प्रमाणात. एका पानावर चार चौकटी. बाजूला फक्त तीन गोष्टी लिहायच्या : उजेड कुठून येतो, काळ्याचा मोठा तुकडा कुठे आहे, आणि कोण काय करतंय ते एका क्रियापदात. ‘ओततो’, ‘फुंकते’, ‘ताणतो’. क्रियापद सापडलं नाही तर चित्रात माणूस नुसता उभा राहणार हे नक्की.

मोबाइलवर फोटो काढायला हरकत नाही, पण फक्त हत्यारांच्या बारकाव्यांसाठी : इस्त्रीचं झाकण कुठे उघडतं, छत्रीच्या काड्या कुठे सांधतात. फोटोवरून रचना केली की मागचं सगळं, दोरीवरचे कपडे, केबलच्या वायरी, पाट्या, ब्लॉकमध्ये शिरतं.

दुकानात उभं राहून काढायचं असेल तर आधी विचारावं. गिरणीत आणि तांबट आळीत काम थांबवून कुणी बोलणार नाही, पण बाजूला उभं राहू देतात. वही दाखवली की बहुतेक वेळा हत्यार कसं धरायचं तेही सांगतात. ती माहिती चित्रात कामाला येते.

१९ जून

निवड. सगळ्या छोट्या चौकटी भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, डोळे किलकिले करून बघितल्या. तिथून काय चाललंय ते कळलं नाही तर चौकट बाद. प्रसंग कितीही आवडता असो, त्याला आकार नसेल तर लिनोत तो उभा राहत नाही.

बाद झालेल्यांत सगळ्यात मोठं नुकसान मंडईचं. दोन पानं भरून रेखाटनं होती. गर्दीत प्रत्येक डोकं सारख्याच आकाराचं, आणि मागचा १८८६ सालचा मनोरा चौकटीत आला की चित्राचं पोस्टकार्ड होतं. शेवटी एकच चौकट राहिली : उंच गाळ्यावर बसलेली भाजीवाली, डोक्यावर लोंबता बल्ब, खाली भाज्यांच्या राशींच्या फक्त वरच्या कडा उजळलेल्या. बाकी काळं.

अमृततुल्यची गर्दीही बाद. स्टोव्ह, पातेलं, गाळणं, कपांची रांग, सगळ्यांच्या कडा एकमेकांत मिसळतात. चहा उंचावरून ओतण्याची धार चांगली होती, पण ती इतक्यांनी इतक्यांदा काढली आहे की घ्यावीशी वाटली नाही.

राहिलेले : जानेवारीला पहाटेच्या दिव्याखाली दुधाच्या पिशव्यांचे क्रेट, फेब्रुवारी तांबट आळी, मार्च उसाचा चरक, एप्रिल भाजीवाली, मे गच्चीवरचं वाळवण, जून छत्री दुरुस्ती, जुलै कणसाची गाडी, ऑगस्ट पिठाची गिरणी, सप्टेंबर दुर्वा निवडणारे हात, ऑक्टोबर आकाशकंदील, नोव्हेंबर बोहारीण आणि डिसेंबर कोळशाची इस्त्री.

काळं किती ठेवायचं यासाठी चित्रकार नंदलाल बोस यांचा १९३० चा दांडीयात्रेवरचा लिनोकट समोर ठेवावा. पार्श्वभूमी काळी, काठी टेकत निघालेले गांधीजी, आणि मोजक्या पांढऱ्या रेघा. नवशिके बहुतेक उलटं करतात, म्हणजे काळ्या रेघेचं चित्र लिनोवर आणतात आणि मग तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं कोरत बसतात.

२८ जून

चित्र ब्लॉकवर उतरवणं. लिनोवर आधी पातळ केलेल्या गेरूचा एक हात दिला. कोरलेला भाग मग फिकट, न कोरलेला तांबूस, आणि छाप कसा येईल ते कोरतानाच दिसतं. ट्रेसिंग पेपरवर चित्र मोठं करून, पेपर पालथा घालून, मागून घासून उतरवलं. त्यावरच्या ग्रॅफाइटच्या रेघा तळहाताखाली पुसल्या जातात, म्हणून परमनंट मार्करने पक्क्या केल्या.

मार्करची गोम : काही मार्करची शाई तेलाच्या शाईत विरघळते आणि पहिल्या काही छापांत जांभळट सावली देते. पट्टीवर चाचणी केली तेव्हा दोनपैकी एक मार्कर असाच निघाला. छापण्याआधी ब्लॉक एकदा कापडावर तेल घेऊन पुसला की ती सावली जाते.

पेपर पालथा घालायचा हे सगळ्यांना माहीत असतं, तरी तांबटाचा ब्लॉक सरळच उतरला गेला आणि चाचणी छापात हातोडी डाव्या हातात आली. पाटीवरची अक्षरं उलटी आली तर कुणीही लगेच ओळखतो. हात उलटा झालेला लक्षात येत नाही. आता प्रत्येक ब्लॉकच्या मागे तागावर मार्करने लिहिलं आहे : ‘छापात उजेड डावीकडून’. उतरवल्यावर ब्लॉकमध्ये उजेड उजवीकडून दिसला पाहिजे. दहा सेकंदांचं काम.

३ जुलै

हत्यारं : १ मिमीचं व्ही टूल (टोकदार खाच पाडणारं), ३ आणि ५ मिमीची यू टूल (गोलसर खाच पाडणारी), मोठा भाग काढायला १० मिमीचं. दर पंधरा-वीस मिनिटांनी चामड्याच्या पट्टीवर हिरवं पॉलिश लावून दहा-बारा ओढ. टूल बोथट आहे हे रेघेच्या कडेवरून कळतं : चकचकीत असेल तर ठीक, भुरभुरीत झाली तर थांबायचं. बोथट टूलला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते सुटतं. दुसरा हात नेहमी टूलच्या मागे. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि सगळ्यांच्या डाव्या तर्जनीवर वण असतो.

पावसाळी गारठ्यात लिनो कडक होतो. ब्लॉकखाली शेकपिशवी, वर टॉवेल, पाच मिनिटं. मग लोण्यासारखा नाही, पण विनातक्रार कापला जातो. फार तापवला तर बारीक रेघांच्या कडा ढासळतात.

९ जुलै

तांबटाचा दुसरा ब्लॉक. मठारकाम (भांड्यावर हातोडीचे ठोके देणं) लिनोसाठी जणू बेतलेलंच आहे : तांब्यावरचा हातोडीचा एक ठोका म्हणजे यू टूलचा एक उथळ घास. पहिल्या पट्टीवर ते घास ओळीत, एकसारख्या अंतरावर घेतले आणि भांडं माशाच्या खवल्यांचं दिसायला लागलं. तांबट आळीत पुन्हा जाऊन बघितल्यावर कारण कळलं. ठोके वर्तुळात फिरतात, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढतो, आणि उजेडाच्या बाजूच्याच खुणा चमकतात. सावलीकडच्या दिसतही नाहीत.

त्याप्रमाणे : काठाकडून मधे, ५ मिमीने सुरुवात, मधे ३ मिमी, उजेडापासून दूर जाताना घास अपुरे सोडायचे आणि शेवटचा एक तृतीयांश भाग न कोरता काळाच ठेवायचा. या काळ्याला हात लावायचा मोह होतो. तो आवरला म्हणूनच भांडं गोल दिसतं.

१६ जुलै

वाळवण. रेखाटनं मे महिन्यातल्या जुन्या वहीतली. पांढऱ्या धोतरावर घातलेल्या कुरडया लिनोसाठी निरुपयोगी, पांढऱ्यावर पांढरं. निळ्या प्लॅस्टिकच्या कागदावरच्या घेतल्या. निळं म्हणजे इथे काळं.

कुरडईचा प्रत्येक वेढा व्ही टूलने एका दमात. हात एका जागी स्थिर ठेवून ब्लॉक फिरवायचा. मनगट वळवून गोल काढला तर रेघ मधेच जाड होते आणि वळणावर टूल सुटतं. ब्लॉक सहज फिरावा म्हणून खाली गुळगुळीत पुठ्ठा. दोन वेढ्यांमधली काळी भिंत किमान ०.८ मिमी राहू द्यावी. त्यापेक्षा बारीक असली तर शाईचा रोलर फिरताना ती कलंडते आणि पाच-सात छापांत तुटते. पट्टीवर अर्धा मिमी ठेवून बघितली होती, टिकली नाही.

२४ जुलै

छत्री दुरुस्ती. हे चित्र उलट्या स्वभावाचं : मागे पांढरं आभाळ, पुढे छत्रीच्या काळ्या काड्या. म्हणजे बराच लिनो काढून टाकायचा. रोलर खोलगट भागात टेकतो आणि मधल्या उंचवट्यांच्या रेघा छापात उमटतात. त्या पूर्ण घालवायच्या तर तागापर्यंत खोल जावं लागतं, आणि ताग उघडा पडला की ब्लॉक वाकतो.

घालवल्याच नाहीत. आभाळ काढतानाचे सगळे घास एकाच तिरक्या दिशेने घेतले, वरून उजवीकडून खाली डावीकडे, लांब लांब. उमटलेल्या रेघा पाऊस होतात. दिशा मात्र कोरायला सुरुवात करण्याआधी ठरवावी लागते. अर्धं आभाळ उभं-आडवं कोरून झाल्यावर हा उपाय चालत नाही.

७ ऑगस्ट

तारखा. लिनोत कोरायचा विचार पट्टीवरच संपला. चार मिलिमीटर उंचीच्या आकड्यात १ आणि ९ यांच्या गाठी, ६ चा वळसा कोरता येतो, पण तीस आकडे एकसारखे येत नाहीत, आणि तारखांत विसंगती लगेच डोळ्यात भरते. लेझर प्रिंट करून बघितला : हातकागदाचे तंतू मशीनमध्ये झडतात आणि टोनर खडबडीत पृष्ठभागावर तुटक बसतो.

पेठेत लग्नपत्रिका छापणारी एक ट्रेडल (खिळे जुळवून छापायचं छोटं यंत्र) अजून चालू आहे. देवनागरी आकड्यांचे खिळेही (छपाईचे सुटे टाइप) होते, १४ पॉइंटचे. तिथेच ठरवलं.

छपाई महाग आहे ती फर्मा जुळवण्यासाठी, म्हणून आधी वर्ष मांडून बघावं. २०२६ मध्ये जानेवारी आणि ऑक्टोबर दोन्ही गुरुवारी सुरू होतात. फेब्रुवारी, मार्च, नोव्हेंबर रविवारी. एप्रिल, जुलै बुधवारी. सप्टेंबर, डिसेंबर मंगळवारी. मे, जून, ऑगस्ट यांना जोडीदार नाही. म्हणजे बारा पानांना सात फर्मे. क्रमही महत्त्वाचा : रविवारच्या फर्म्यात आधी मार्च छापायचा, मग ३१ काढून कोरा खिळा घालून नोव्हेंबर, मग २९ आणि ३० काढून फेब्रुवारी. खिळे काढणं सोपं, वाढवताना ओळ पुन्हा कसावी लागते. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना ही यादी कागदावर नेऊन दिली, तर दर ठरताना त्याचा उपयोग झाला.

मे आणि ऑगस्टला सहा ओळी लागतात (मे शुक्रवारी सुरू होऊन ३१ ला रविवार, ऑगस्ट शनिवारी सुरू). साडेसहा सेंमीत महिन्याचं नाव २४ पॉइंट, वाराची ओळ आणि सहा ओळी बसतात, पण जेमतेम. चार ओळींचा फेब्रुवारी तेवढ्याच जागेत फार रिकामा दिसतो. तो वर सरकवायचा नाही, सगळ्यांची पहिली ओळ एकाच उंचीवर. तिथी, सण, सुट्ट्या नाहीत. त्यासाठी घराघरात दुसरी दिनदर्शिका असतेच. रविवार लाल केला तर प्रत्येक पान दोनदा मशीनवर जातं, म्हणून रविवार नुसता ठळक खिळ्यात.

१४ ऑगस्ट

मशीनवरच लिनोही छापता येईल का, याची चाचणी. खिळ्याची उंची २३.३ मिमी. १९ मिमीचा प्लाय, त्यावर ३.२ चा लिनो, उरलेला १.१ मिमी पुठ्ठ्याने भरला. छत्री बरी आली. भाजीवाली आली नाही : एवढं मोठं सॉलिड काळं छोट्या ट्रेडलला झेपत नाही. कडा गडद, मधे राखाडी चट्टे. शाई वाढवली तर बारीक रेघा बुजतात. मशीनमनने मागे कागदाचे तुकडे चिकटवून दाब वाढवून बघितला, चट्टे थोडे कमी झाले, मधल्या पानांवर पुन्हा आले.

छत्रीपुरती ट्रेडल वापरावी असं वाटलं होतं. पण तिचा काळा पातळ, हाताच्या छापाचा दाट. एका दिनदर्शिकेत दोन काळे नको. चित्रं सगळी हातानेच.

५ सप्टेंबर

तारखांची छपाई गणपतीआधी व्हायची होती, झाली नाही. उद्या विसर्जन, पेठेतले रस्ते बंद, छापखाना दोन दिवस उघडणार नाही. पुण्यात असं काम करणाऱ्यांनी ऑगस्टअखेर ते अनंत चतुर्दशी हा काळ हिशेबात धरूच नये.

पानं तोवर कापून घेतली. गिलोटिनवरच (कागद सरळ कापायच्या यंत्रावर) कापावीत. हाताने फाडलेली कड सुंदर दिसते, पण तारखा आणि चित्र दोन वेगळ्या ठिकाणी छापायचे असतील तर दोन्हीकडे टेकवायला सरळ कड लागते.

१६ सप्टेंबर

तारखा छापून आल्या. आधी तारखा, मग चित्र, हा क्रम सोडू नये. चित्राच्या दाट शाईवरून पान पुन्हा मशीनवर गेलं तर शाई बोर्डाला लागते. शिवाय बिघडलंच तर तारखांचं पान बिघडावं, ते स्वस्त.

जिग (ब्लॉक आणि पान दर वेळी एकाच जागी बसवणारा साचा) : ४० × ३० सेंमीचा बोर्ड, त्यावर ब्लॉकसाठी ३ मिमी एमडीएफच्या पट्ट्यांचा काटकोन, आणि पानाच्या कडेसाठी दोन ठोकळे. एक गोम इथे आहे. ट्रेडलवर पान छापायची बाजू वर ठेवून डावीकडे आणि खाली टेकवतात. लिनोवर तेच पान पालथं पडतं, म्हणजे मशीनवरची डावी कड इथे उजवीकडे येते. जिगचा ठोकळा उजवीकडेच हवा. डावीकडे ठेवला तर कापताना पानांच्या रुंदीत आलेला अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक चित्रात उतरतो आणि चित्र तारखांच्या चौकटीवर तिरकं बसल्यासारखं दिसतं.

२० सप्टेंबर

कागद. सगळा ताव १२० जीएसएमचा (चौरस मीटरला १२० ग्रॅम). १२० च्या खाली हातकागद शाईला चिकटून फाटतो. २०० च्या वरचा हाताने घासून छापता येत नाही, त्याला प्रेस लागते. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत ताव हातात घेऊन बघता येतात. दोन्ही बाजूंवरून बोट फिरवून जी गुळगुळीत लागेल तिच्यावर छापावं आणि कापण्याआधी तिच्यावर कोपऱ्यात पेन्सिलीची खूण करावी.

कागद ओलवून छापण्याचा प्रयोग केला. काळा सुरेख येतो, कमी जोरात. पण वाळल्यावर पान आक्रसतं. ऑक्टोबरच्या पानावर, जिथे दोन रंग आहेत, दुसरा रंग मिलिमीटरभर सरकला. आणि या हवेत ओला गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये रात्रीपेक्षा जास्त ठेवला तर बुरशीचे ठिपके. कोरड्यावरच छापायचं ठरलं, वेळ लागला तरी.

२५ सप्टेंबर

शाई. ऑफसेटची काळी, एक किलोचा डबा, छापखान्यांना माल देणाऱ्या दुकानातून. परदेशी रिलीफ शाईच्या मानाने फार स्वस्त. तीन अडचणी येतात, तिन्हींना उपाय आहेत.

चिकटपणा जास्त : कागद उचलताना तंतू उपटून ब्लॉकवर राहतात आणि पुढच्या छापात पांढरे ठिपके येतात. ५० ग्रॅम शाईला जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब. जास्त झाले तर छापाभोवती तेलाचा पिवळट वेढा उमटतो, तोही लगेच नाही, आठवड्याने.

काळा तपकिरी दिसतो : हातकागद शाई पितो. साधारण विसाव्या हिश्शाइतकी निळी मिसळली की काळा खोल होतो.

वाळत नाही : ही शाई हवेतल्या ऑक्सिजनने वाळते, दमट हवेत रेंगाळते. ५० ग्रॅमला अर्धा ग्रॅम कोबाल्ट ड्रायर. दुप्पट घातला तेव्हा काचेवरच साय धरली आणि रोलरवर गुठळ्या आल्या. ड्रायर घातलेली शाई त्याच दिवशी संपवावी, डब्यात परत टाकू नये. हातमोजे घालावेत.

काचेवर शाई लाटताना आवाज ऐकावा. बारीक, एकसारखी चरचर म्हणजे थर बरोबर. चपचप आली तर शाई जास्त. ब्लॉकवर पातळ चार-पाच हात द्यावेत, एक जाड हात देऊ नये. जाड हाताने कुरडयांचे वेढे पहिल्याच छापात बुजले. जुन्या टूथब्रशने, खाद्यतेल लावून, मोकळे करावे लागले.

४ ऑक्टोबर

शाई लावलेल्या ब्लॉकवर पान ठेवून त्याची पाठ घासण्यासाठी बॅरन (घासायची सपाट गोल चकती), लाकडी चमचा आणि वरण वाढायचा स्टीलचा डाव तिन्ही वापरून बघितले. मोठ्या काळ्यासाठी डावाची पाठ सर्वांत चांगली : वजनदार, गोल, एका जागी दाब देते. कागदावर सरळ फिरवला तर चकाकी येते, म्हणून मधे बेकिंग पेपर. आधी मधोमध हात दाबून पान बसवायचं, मग मधून कडांकडे. अर्ध्यात एक कोपरा उचलून बघायचा. दुसरा कोपरा जिगवर दाबून धरलेला असेल तर पान सरकत नाही. एका छापाला चार-पाच मिनिटं. पहिले दोन-तीन छाप राखाडीच येतात, ब्लॉक शाई पीत असतो. ते बिघाडाच्या सहांतले.

गिरणीच्या ब्लॉकमध्ये उडणारं पीठ ठिपक्यांनी दाखवलं होतं. छापात ते पीठ वाटत नाही, शाई नीट न लागल्याचा दोष वाटतो. कोरलेलं परत भरता येत नाही, त्यामुळे नवा ब्लॉक. नव्यात ठिपके नाहीत. दारातून आलेला उजेड पोत्याच्या कडेवर, नरसाळ्याच्या ओठावर आणि माणसाच्या भुवयांवर. पीठ कुठेच कोरलेलं नाही आणि चित्रात सगळीकडे आहे.

११ ऑक्टोबर

आकाशकंदील, दोन ब्लॉक. काळ्या ब्लॉकचा ओला छाप पारदर्शक शीटवर घेऊन ती शीट दुसऱ्या, कोऱ्या ब्लॉकवर पालथी घासली की काळ्याची हुबेहूब नक्कल त्यावर उतरते. पिवळा भाग काळ्याच्या रेषेखाली एक मिलिमीटर आत जाईल असा कोरला, म्हणजे किंचित सरकलं तरी पांढरी फट दिसत नाही. आधी पिवळा, तो वाळू द्यायचा, मग काळा. ऑफसेटचा पिवळा पारदर्शक असतो, काळ्यावर टाकला तर हिरवट घाण दिसते.

१९ ऑक्टोबर

वाळवण्यासाठी दोऱ्या आणि चिमटे. चिमटा तारखांच्या बाजूला लावावा, चित्राच्या नाही. गठ्ठा करताना मधे वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई उमटते. बटर पेपर घालावा. वाळलंय का हे बोटाने बघू नये. कोपऱ्यातल्या काळ्यावर बटर पेपरचा तुकडा दाबून उचलावा, डाग आला नाही तर झालं. पाऊस थांबल्यावर तीन-चार दिवसांत वाळतं, सप्टेंबरमध्ये छापलेल्या पानांना त्याच्या दुप्पट लागले.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेला ढीग आपोआप पेटू शकतो. पसरून, सुटं, बाहेर वाळवावं. सफाई आधी खाद्यतेलाने, मग भांड्याच्या साबणाने. रॉकेलची गरज पडत नाही आणि रोलरचं रबरही टिकतं.

८ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं झाली, ट्रेडलवाले आता लग्नपत्रिकांत बुडालेत. मुखपृष्ठाची एक ओळ त्यांच्याकडून करून घ्यायची राहिली होती. शेवटी तीही लिनोतच कोरली. ‘२०२६’ एवढीच. मोठ्या मापात आकडे सोपे जातात.

बांधणी : वर ८ मिमी रुंद दोन सागवानी पट्ट्या, मधे तेरा पानं, दोन भोकं, सुती दोरा. भोकं पंचिंग मशीनने एकेक पान करून. गठ्ठ्याला ड्रिल मारलं तर हातकागद भोकाभोवती फुलतो.

नंबर आणि सही २बी पेन्सिलने, चित्राखालच्या एका सेंटिमीटरात : डावीकडे ३/२५ असा नंबर, उजवीकडे सही. पेन अजिबात नको.

१२ नोव्हेंबर

खर्च : लिनो ४ शीट, २,६०० रुपये. कागद ५० ताव, २,७५०. शाई, तेल, ड्रायर ८००. फर्मे आणि ट्रेडल ९,०००. मुखपृष्ठाचा जाड कागद, पट्ट्या, दोरा १,८००. एकूण १६,९५०, म्हणजे प्रतीला ६७८. टूल, रोलर, काच आधीपासूनच्या, त्या धरल्या नाहीत.

वेळ : कोरणं आणि छापणं मिळून एका महिन्याच्या पानाला साधारण दहा तास. रेखाटनं वेगळी, त्यांचा हिशेब लावू नये. १२० तास भागिले २५, म्हणजे प्रतीला जवळपास पाच तास. किंमत २,००० ठेवली तर हातात तासाला पावणेतीनशेच्या आसपास येतात. दुकानात ठेवून त्यांनी तीस टक्के घेतले तर दीडशे. म्हणून दुकानात ठेवायची नाही. प्रती ५० केल्या असत्या तर प्रतीमागे फर्म्याचा खर्च निम्म्यावर आला असता, पण हाताने घासायचे छाप दुप्पट झाले असते. खांदा ३० च्या पुढे एका बैठकीत साथ देत नाही.

ज्यांच्या गाळ्यात, गिरणीत, दुकानात उभं राहून चित्रं काढली त्यांना त्या त्या महिन्याचा एकेक सुटा छाप, बिघाडाच्या सहांतून राहिलेल्या चांगल्यांपैकी. तांबटांनी छाप उलटसुलट करून बघितला आणि हातोडीचा दांडा लांब झालाय म्हणाले. बरोबर आहे, झालाय. पुढच्या छपाईआधी टोकाचे चार मिलिमीटर कोरून टाकायचे.

१७ नोव्हेंबर

ब्लॉक ठेवताना : तेलाने पुसून, कोरडे करून, प्रत्येकाला बटर पेपर, आणि आडवे. उभे ठेवले तर वाकतात. लिनो जुना होतो तसा ठिसूळ होतो, तेव्हा दुरुस्ती करायची असेल तर ती याच हिवाळ्यात, शेकपिशवी देऊन. गिरणीचा पहिला, ठिपक्यांचा ब्लॉक टाकून दिलेला नाही. त्याची मागची बाजू नाही वापरता येत, पण कडेचे न कोरलेले तुकडे मार्करच्या चाचणीला चालतात.